डेमॉन डायडेमा: अंगरचना आणि ओळख यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व आफ्रिकेतला डेमॉन डायडेमा हा प्राणिसंग्रहालयांत आणि हौशी पाळणाऱ्यांकडे हमखास दिसणारा व्हिप स्पायडर. चपटं अंग, पुढे काटेरी हात आणि अंगाच्या कितीतरी पट लांब दोन सळसळते दोरे, असं हे ध्यान एकदा पाहिलं की विसरत नाही. पण ‘हा डायडेमाच कशावरून?’ असं विचारलं की बहुतेकांचं बोट रंगाकडे जातं आणि घोळ तिथेच होतो. ओळख पटवायची तर काटे, खंड आणि पोटाची बाजू पाहावी लागते. म्हणून खालच्या उत्तरांत अंगरचनेवर भर आहे. पाळण्याच्या सूचना ओळखीसाठी लागतील तेवढ्याच.

हा कोळी की विंचू?

दोन्ही नाही. कोळी आणि विंचू ज्या अष्टपाद वर्गात येतात, त्याच वर्गात व्हिप स्पायडरांचा अँब्लिपायजी नावाचा स्वतंत्र गण आहे. नातं पाहायला गेलं तर ते कोळ्यांकडे झुकतं. मात्र कोळ्याला कोळी ठरवणाऱ्या दोन्ही गोष्टी याच्याकडे नाहीत: रेशीम काढणारे अवयव नाहीत आणि विषग्रंथीही नाहीत. विंचवासारखी शेपूट आणि नांगी तर नाहीच.

गणात अडीचशेहून जास्त जाती नोंदवलेल्या आहेत आणि त्या पाच कुलांत विभागल्या आहेत. गण तसा लहान, पण फार जुना. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या, कार्बोनिफेरस काळातल्या खडकांत यांचे जीवाश्म सापडतात आणि त्यांतही हाच चपटा देह आणि हेच काटेरी हात दिसतात.

डायडेमाचं वर्गीकरणातलं स्थान काय?

कुल फ्रायनिकिडी, प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) डेमॉन. ही प्रजाती सी. एल. कोख यांनी १८५० साली मांडली आणि डायडेमा ही जात यूजेन सिमोन या फ्रेंच अष्टपादतज्ज्ञांनी १८७६ साली वर्णन केली. डेमॉनच्या सगळ्या जाती आफ्रिकेतल्या. १९९९ साली पीटर वायगोल्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी या प्रजातीची नव्याने तपासणी केली आणि आजची ओळख बरीचशी त्या कामावर उभी आहे.

चावतो का? विषारी आहे का?

विष नाही. जबड्यासारखे दोन चेलिसेरा तोंडापाशी आहेत, पण ते लहान आहेत आणि भक्ष्य फाडण्यासाठी आहेत. हातात घट्ट धरलं तर पेडिपाल्पचे काटे टोचून ओरखडा उठू शकतो, एवढंच. व्हिनेगरून नावाचा, शेपटीला बारीक दोरा असलेला नातेवाईक धोका दिसला की आम्लाचा फवारा मारतो. तो पाहिलेले लोक यालाही घाबरतात. व्हिप स्पायडरकडे तसली सोय नाही. त्याचा एकच उपाय म्हणजे आडवं पळून फटीत शिरणं, आणि तो ते इतक्या झपाट्याने करतो की डोळ्यांना फक्त रिकामी जागा दिसते.

पाय मोजले तर सहाच भरतात. दोन तुटलेत का?

नाही, आठही शाबूत आहेत. चालायला मागच्या तीनच जोड्या वापरल्या जातात. पहिली जोडी म्हणजे ते दोन लांब दोरे, ज्यांना आपण यापुढे चाबूक म्हणू. त्यांच्याही पुढे जे काटेरी हात दिसतात ते पाय नव्हेत. ते पेडिपाल्प, म्हणजे कोळ्यांमध्ये छोट्या पायांसारखा दिसणारा अवयव. मोजताना गफलत होते ती या हातांना पाय धरल्यामुळे.

हे चाबूक नेमकं काय करतात?

हा प्राणी समजायचा तर इथे जरा थांबायला हवं. पायांची ही जोडी चालण्याच्या कामातून पूर्ण सुटलेली आहे. तिचे टिबिया आणि टार्सस हे खंड बारीक बारीक तुकड्यांत विभागले गेले आहेत. बऱ्याच जातींत एका चाबकात शंभराच्या आसपास तुकडे भरतात आणि त्यामुळे तो हवा तसा वळतो. त्यावर स्पर्श कळणारे केस आहेत, टेकताच चव घेणारे केस आहेत आणि टोकाकडे सूक्ष्म छिद्रं असलेले, वास टिपणारे केस आहेत. कीटकांच्या शृंगिका जे काम करतात तेच, फक्त पायांपासून घडवलेल्या अवयवाकडून.

शांत बसलेल्या डायडेमाकडे थोडा वेळ पाहत राहा. एक चाबूक पुढे, दुसरा बाजूला किंवा थेट मागे, आणि दोन्ही स्वतंत्रपणे फिरत असतात. चालायला लागला की एक चाबूक जायच्या दिशेने रोखला जातो आणि दुसरा इतर बाजू चाचपत राहतो. समोर रातकिडा आला तर चाबकाचं टोक त्याच्या अगदी जवळ येऊन थांबतं. कधी हलकेच टेकतं, रातकिड्याला पत्ताही लागत नाही. मग अंग सावकाश त्या दिशेला वळतं, हात उघडतात, आणि पुढचं डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो हातांच्या काट्यांत अडकलेला रातकिडा.

आतली रचनाही वेगळीच आहे. सहसा अशा प्राण्यांत संवेदना आधी मध्यवर्ती चेतासंस्थेपर्यंत जातात आणि जोडण्या तिथे होतात. व्हिप स्पायडरांच्या चाबकात मात्र काही प्रचंड जाड चेतापेशी खुद्द चाबकातच असतात आणि संवेदी तंतूंच्या जोडण्या तिथेच, मेंदूपासून खूप दूर होतात. संदेश झटपट पोचवण्याची ही व्यवस्था असावी असं मानलं जातं.

वासाचं महत्त्व किती, हे मध्य अमेरिकेतल्या जातींवरच्या प्रयोगांतून दिसलं. रात्री शिकारीला निघालेले व्हिप स्पायडर आपल्या ठरलेल्या फटीत परततात आणि काही मीटर लांब नेऊन सोडले तरी वाट काढतात. डोळे झाकले तरी ते परतले, पण चाबकांची टोकं नेलपॉलिशने बंद केली तेव्हा भरकटले. यांच्या मेंदूतला छत्रपिंड नावाचा, शिकणं आणि स्मरणाशी जोडलेला भाग शरीराच्या मानाने फार मोठा आणि भरपूर वळ्यांचा असतो, हेही त्याच्याशी जुळतं.

हातांची, म्हणजे पेडिपाल्पची रचना कशी असते?

मुळापासून टोकाकडे गेलो तर कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, मग सर्वांत ठळक काटे असलेला खंड, त्यापुढे हाताचा शेवटचा भाग आणि नखी. फीमर आणि त्यापुढचा काटेरी खंड एकमेकांवर मिटतात, घडीच्या चाकूसारखे, आणि त्यांच्यामध्ये भक्ष्य पकडलं जातं. टोकाकडचे लांब काटे पिंजरा तयार करतात. शिकार त्यातून सुटणं अवघड.

वाचताना एक अडचण हमखास येते. ज्या काटेरी खंडावर ओळख अवलंबून असते त्याला काही लेखक टिबिया म्हणतात, तर अलीकडे बरेच जण पटेला म्हणतात. खंड एकच, नावं दोन. दोन वेगवेगळ्या लेखांतल्या ओळख-तक्त्यांची तुलना करताना हे डोक्यात नसेल तर काट्यांचे आकडे जुळतच नाहीत आणि माणूस वैतागतो. या पानावर मी टिबिया हाच शब्द वापरतो आहे.

काट्यांची मांडणी किती बोलकी असते याचं उत्तम उदाहरण अमेरिका खंडातल्या दोन प्रजातींत आहे. फ्रायनस आणि पॅराफ्रायनस वरवर सारखेच दिसतात. टिबियाच्या वरच्या कडेवरचे सर्वांत लांब दोन काटे शोधायचे आणि त्यांच्या मध्ये काय आहे ते पाहायचं. एक छोटा काटा असेल तर फ्रायनस, दोन असतील तर पॅराफ्रायनस. रंग, आकार, कशाचीच गरज पडत नाही.

हातांच्या टोकाशी केसांचा एक बारीक ब्रशही असतो. खाणं झालं की प्राणी त्याने आणि चेलिसेरांनी स्वतःची साफसफाई करतो. चाबूक मुळापासून टोकापर्यंत चेलिसेरांतून सावकाश ओढून काढला जातो. ज्या अवयवावर सगळी भिस्त, त्याची एवढी निगा राखली जाणारच.

डोळे किती? नीट दिसतं का?

आठ. पुढच्या कडेजवळ मध्यभागी दोन, आणि पाठीच्या ढालीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीनचे पुंजके. उजेड-अंधार कळण्यापलीकडे शिकारीत डोळ्यांचा फारसा वाटा दिसत नाही. गुहेत कायम राहणाऱ्या काही जातींत डोळे खुरटलेले किंवा अजिबात नसतात. डायडेमा गुहांमध्ये सापडत असला तरी त्याचे डोळे व्यवस्थित असतात.

वरून पाहताना आणखी काय दिसतं?

शिरोवक्षावर एकच रुंद ढाल. ती लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि मागच्या बाजूला आत वळलेली. त्यामागे बारीक कंबर आणि मग बारा खंडांचं चपटं उदर. अंगाची लांबी साधारण ३ सेंटिमीटर. लोकांना हे नेहमी कमी वाटतं, कारण पाय आणि चाबूक पसरले की प्राणी हाताच्या पंजापेक्षा मोठा दिसतो. म्हणूनच ‘केवढा मोठा होता’ या वर्णनाचा ओळखीला उपयोग नसतो. अंगाची लांबी वेगळी आणि पायांचा पसारा वेगळा सांगावा लागतो.

खालच्या बाजूला काय पाहायचं?

पायांच्या मुळांमध्ये छातीवर छोट्या कठीण पट्ट्या ओळीने असतात. त्यांतली पहिली लांबट असून पुढे, हातांच्या मुळांमध्ये घुसलेली दिसते. तिचा आकार कुल आणि प्रजाती ठरवताना कामाला येतो. उदराच्या खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांशी श्वसनाची दोन जोड्या पुस्तक-फुप्फुसं असतात. पानांसारख्या पातळ घड्या एकावर एक रचलेल्या, त्यामुळे हे नाव.

जननछिद्रावर एक झाकण असतं. मादीत त्या झाकणाच्या आत गोनोपॉड नावाचे दोन छोटे उपांग असतात. नर जमिनीवर शुक्रधर नावाचा देठ असलेला ऐवज ठेवतो आणि मादी त्यातलं शुक्र गोनोपॉडने उचलून घेते. कुलूप-किल्लीचा मामला असल्यामुळे गोनोपॉड आणि शुक्रधर यांचे आकार जातीगणिक बदलतात. जवळच्या जाती वेगळ्या करताना तज्ज्ञ शेवटी इथेच येऊन थांबतात.

मग डायडेमा ओळखायचा कसा? पायरी-पायरीने सांगाल का?

पहिला प्रश्न जागेचा. प्राणी निसर्गात सापडला असेल तर कुठे? डायडेमा केनिया, टांझानिया आणि आसपासच्या पूर्व आफ्रिकेतला. गुहा, खडकांतल्या फटी, झाडांच्या ढोली आणि पडलेल्या ओंडक्यांखालच्या पोकळ्या या त्याच्या जागा. फ्रायनिडी हे कुल जवळजवळ पूर्णपणे अमेरिका खंडातलं आहे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरची फ्रायनस एक्सुल ही त्याची चक्रावून टाकणारी अपवादात्मक जात. कॅरॉन्टिडी आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांकडचं. पॅराकॅरॉन्टिडीत मोजक्याच जाती आहेत. म्हणजे पूर्व आफ्रिकेत सापडलेल्या प्राण्यासाठी प्रत्यक्षात दोनच कुलांचा विचार करायचा: फ्रायनिकिडी आणि कॅरिनिडी.

दुसरा प्रश्न पायांच्या टोकांचा. कॅरिनिडी आणि कॅरॉन्टिडी या कुलांत चालण्याच्या पायांच्या टोकाशी चिकटणारी गादी असते. फ्रायनिकिडीत ती नाही, फक्त नख्या आहेत. शिवाय कॅरिनिडीतले प्राणी बहुधा लहानखुरे असतात. त्यामुळे मोठा, गादी नसलेला, पूर्व आफ्रिकेतला व्हिप स्पायडर म्हणजे फ्रायनिकिडी, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न हातांचा, आणि खरी मजा इथे आहे. त्याच भागात युफ्रायनिकस ही प्रजातीही राहते. पूर्ण वाढलेल्या युफ्रायनिकसचे हात फार लांब आणि काटकुळे असतात. दांडा जवळपास बोडका आणि काटे सगळे टोकाशी गोळा झालेले. डेमॉनचे हात त्यामानाने आटोपशीर आणि भरदार. टिबियाचे सर्वांत लांब काटे टोकाकडे असतात, पण कडेने आणखी लहान काटेही असतात आणि फीमरही काटेरी दिसतो. दोन्ही शेजारी ठेवले तर चूक होणं शक्य नाही. एकेकट्याच्या फोटोत मात्र होते, विशेषतः हात मिटलेले असतील तेव्हा.

इथवर आलात की प्रजाती ठरली: डेमॉन. त्यापुढे जात. डेमॉनमध्ये दहाहून जास्त जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतला डेमॉन मेडियस आणि डेमॉन जॉन्स्टोनी, दक्षिणेकडचा डेमॉन अॅन्युलाटिपिस, मोठ्या पट्ट्यात पसरलेला डेमॉन व्हॅरिगेटस. सापडल्याची जागा खात्रीने माहीत असेल तर यांतली बरीच नावं आपोआप गळतात. उरलेल्यांसाठी काट्यांची सापेक्ष लांबी, पायांच्या खंडांची विभागणी आणि सरतेशेवटी गोनोपॉड. चौथ्या जोडीच्या पायाची टिबिया उपखंडांत विभागलेली असते. तिचे तुकडे आणि तिच्यावरच्या ट्रायकोबोथ्रिया नावाच्या नाजूक केसांच्या जागा हे दोन्ही तक्त्यांत वापरले जातात, पण त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

पिवळसर ठिपके आणि पट्टेदार पाय म्हणजे डायडेमाच ना?

डायडेमात गडद तपकिरी अंगावर फिकट पिवळसर नक्षी आणि पायांवर आलटून पालटून गडद-फिकट पट्टे असतात, हे खरं. पण तसेच पट्टे डेमॉनच्या इतर जातींतही दिसतात. वयानुसार नक्षीचा उठाव बदलतो, कात टाकायची वेळ जवळ आली की सगळंच मळकट होतं आणि नुकती टाकली असेल तर रंगच नसतो. रंग ही ओळखीची सुरुवात असू शकते. निकाल त्यावर लावू नये.

विकत घेताना एकाने व्हॅरिगेटस म्हटलं, दुसऱ्याने डायडेमा. कुणाचं खरं?

व्यापारात डेमॉनची नावं सर्रास अदलाबदल होतात. मेडियस, व्हॅरिगेटस आणि डायडेमा ही तिन्ही नावं एकाच टोपलीतल्या प्राण्यांना लावलेली आढळतात. विक्रेत्याला नावाबद्दल विचारण्यापेक्षा प्राणी कोणत्या देशातून आला, निसर्गातून पकडला की पैदाशीतला, आणि पैदाशीतला असेल तर मूळ जोडी कुठली, हे विचारा. उत्तर टांझानिया आलं तर डायडेमा असण्याकडे कल जातो. टोगो किंवा घाना आलं तर डायडेमा नव्हे. उत्तरच मिळालं नाही तर डब्यावर नुसतं ‘डेमॉन’ लिहावं. अर्धवट माहितीवर पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

काचेवर चढतो का?

मोठा डायडेमा गुळगुळीत उभ्या काचेवर चढू शकत नाही, कारण चिकट गादी नाही. खडबडीत साल किंवा दगडावर मात्र नख्या रोवून उलटाही लटकतो. तुमचा प्राणी काचेवर सहज फिरत असेल तर तो डेमॉन नसावा. कॅरॉनसारख्या गादीवाल्या प्रजातींकडे बघा.

अंगावर मातीसारखा थर दिसतो. पुसून काढावा का?

नको. व्हिप स्पायडरांच्या कवचावर त्यांच्याच ग्रंथींतून पाझरलेला, सूक्ष्म कणांचा थर असतो. तो पाणी टिकू देत नाही; थेंब पडला तर गोळी होऊन ओघळतो. या थरात धूळ, माती अडकते आणि प्राणी मळकट दिसतो. फ्लोरिडा आणि कॅरिबियनमधला फ्रायनस मार्जिनिमॅक्युलेटस तर पाण्याखाली एक दिवसाहून जास्त तग धरू शकतो, तोही अंगाला चिकटून राहिलेल्या हवेच्या पापुद्र्याच्या जोरावर. थर निघून गेला की नक्षी स्वच्छ दिसते, हे खरं. पण त्यासाठी जिवंत प्राणी घासायचा नसतो.

नर-मादी कशी ओळखायची?

वरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. व्हिप स्पायडरांच्या कित्येक जातींत पूर्ण वाढलेल्या नरांचे हात मादीपेक्षा लांब असतात, कारण नरांच्या झटापटी बहुतेक हात दाखवूनच मिटतात. दोघे समोरासमोर येऊन एकेक हात पसरतात, चाबूक थरथरवतात, आणि ज्याचा हात आखूड तो बहुधा माघार घेतो. पण हा फरक जातीगणिक कमी-जास्त असतो आणि अर्धवट वाढलेल्या प्राण्यात तर उपयोगाचाच नाही. जननझाकणाखाली गोनोपॉड दिसले तर मादी. यासाठी पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहावं, किंवा आणखी सोपं म्हणजे टाकलेली कात भिंगाखाली धरावी. कातीवर झाकण आणि त्याखालचे भाग शाबूत असतात आणि प्राण्याला हातही लावावा लागत नाही.

उदराखाली अंड्यांची चपटी पिशवी किंवा पाठीवर पिल्लं असतील तर प्रश्नच मिटला.

पाठीवर फिकट रंगाची पिल्लं आहेत. हीसुद्धा डायडेमा म्हणून ओळखता येतील?

नुसत्या पिल्लांवरून नाही, आईवरून. मादी सुमारे तीन महिने अंडी उदराखाली बाळगते. बाहेर आलेली पिल्लं आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. त्याआधी खाली पडलेलं पिल्लू सहसा जगत नाही. या अवस्थेत काटे नीट घडलेले नसतात, त्यामुळे तक्ते लागू पडत नाहीत. नंतरच्या अवस्थांतही हातांचं प्रमाण वेगळं असतं. युफ्रायनिकसच्या पिल्लांचे हातसुद्धा आखूडच असतात आणि ते वरून डेमॉनसारखे भासू शकतात. जवळजवळ सगळे ओळख-तक्ते पूर्ण वाढलेल्या प्राण्यांसाठी लिहिलेले आहेत, हे ते वापरताना लक्षात ठेवा.

एका डब्यात बरेच जण एकमेकांना चाबकाने चाचपत होते. भांडत होते का?

भांडण असतं तर हात उघडलेले दिसले असते. डायडेमा या बाबतीत आपल्या गणात वेगळा उठून दिसतो. लिंडा रेयर आणि लिसा टेलर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डायडेमाची आई आणि पिल्लं बरेच महिने एकत्र राहताना दिसली. आई पिल्लांच्या मध्ये बसून चाबकाने त्यांना हलकेच कुरवाळत होती, पिल्लंही तिला आणि एकमेकांना तसंच करत होती. अनोळखी जागेत सोडल्यावर भावंडं थोड्याच वेळात पुन्हा गोळा झाली. एरवी एकलकोंड्या आणि आपल्याच जातीच्या प्राण्याला खाण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या अष्टपादांत हे विशेषच. तरी यावरून ओळख ठरवू नका. गटाने राहणं हे जातीचं वैशिष्ट्य असलं तरी ओळखीचं लक्षण नव्हे.

एक चाबूक आखूड आहे. जात वेगळी की जखम?

जवळजवळ नक्की जुनी जखम. व्हिप स्पायडर अडचणीत आला की पाय सोडून देतो. तो तुटतो पटेला आणि टिबिया (पायात हे दोन वेगळे खंड आहेत) यांच्यामधल्या ठरलेल्या सांध्याशी, वाटेल तिथे नाही. पुढच्या कातीनंतर नवा भाग उगवतो, आधी आखूड आणि मग कातीगणिक लांब. कोळ्यांच्या बऱ्याच जाती मोठ्या झाल्यावर कात टाकणं थांबवतात. व्हिप स्पायडर मात्र प्रौढ झाल्यावरही टाकत राहतात, म्हणून प्रौढ वयातली इजाही भरून निघू शकते. ओळखीसाठी एवढंच की पुन्हा उगवलेल्या पायाचे तुकडे मोजू नयेत. ते मूळ संख्येएवढे नसतात. दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात आणि शाबूत बाजू धरावी.

काल तपकिरी होता, आज पांढरट-हिरवा. आजारी आहे?

कात टाकली आहे. आडोशाच्या खालच्या बाजूला उलटं लटकून तो जुन्या कवचातून खाली सरकत बाहेर येतो. त्यासाठी त्याच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्त उंच मोकळी जागा लागते. रंग पुढच्या काही तासांत गडद होत जातो. तोवर हात लावू नये, फोटोसुद्धा लांबूनच.

ओळखीसाठी फोटो पाठवायचा तर कसा काढावा?

एका सुंदर फोटोपेक्षा चार साधे फोटो जास्त कामाचे. एक वरून, पूर्ण अंग दिसेल असा, शेजारी पट्टी ठेवून. एक उघडलेल्या हाताचा, टिबियाची वरची कड आणि काटे मोजता येतील एवढ्या जवळून. हात मिटलेले असतील तर वाट पाहावी. पाण्याचा थेंब प्यायला लागला की बहुधा उघडतात. एक खालून, पारदर्शक डब्याच्या तळातून. आणि एक चालण्याच्या पायाच्या टोकाचा. फ्लॅश सरळ समोरून मारला तर काट्यांच्या सावल्या काट्यांसारख्याच दिसतात आणि मोजणी चुकते, म्हणून उजेड बाजूने घ्यावा. सोबत ठिकाण लिहावं. ठिकाण नसलेल्या फोटोला बहुतेक वेळा प्रजातीपर्यंतच उत्तर मिळेल.

मेलेला प्राणी मिळाला तर तो अभ्यासासाठी कसा ठेवायचा?

वाळवू नका. वाळला की चपटं उदर आक्रसतं, पाय गळतात आणि गोनोपॉड पाहणं अशक्य होतं. ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. डीएनए तपासायचा विचार असेल तर एक पाय वेगळा काढून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये थंड जागी ठेवावा. बाटलीत ठेवण्याआधी हात थोडे उघडून घ्यावेत, कारण कडक झाल्यावर ते उघडायला गेलं की काटे मोडतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत घालावी. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निघते आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गुहा, ढोल की दगडाखाली, एवढं असावं. पाळलेला प्राणी असेल तर ‘पैदाशीतला, मूळ ठिकाण अज्ञात’ असं स्पष्ट लिहावं, नाहीतर पुढे कुणीतरी तुमच्या गावाचं नाव त्याच्या नैसर्गिक आढळाच्या यादीत घालेल.